अम्मीची परीक्षा घेऊ नका, तिला काम द्या

गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीत आम्ही लातूरहून नांदेडला गेलो, तेव्हा पिशवीत अम्मीसाठी तीन वस्तू होत्या. घरातल्या सगळ्यांचे फोटो चिकटवलेली वही, पशुपक्ष्यांच्या चित्रांचे तुकडे जुळवण्याचा खेळ आणि मोठ्या अक्षरांचा उर्दू कायदा. इतकी वर्षे शाळेत शिकवणाऱ्या माणसाला आजारी आईसाठी दुसरे काय सुचणार? डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले, त्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. रोज उजळणी घेतली तर विसरलेले परत येईल, अशी आमची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर आम्ही वही उघडली. "अम्मी, ये कौन है? पैचानो बरं." अम्मीने भाईजानच्या फोटोकडे पाहिले, मग आमच्याकडे. एक फोटो झाला, दोन झाले, तीन झाले. चौथ्याला तिचे ओठ थरथरू लागले. "मेरेकू घरकू जाना है," असे म्हणून ती उठली आणि दाराकडे निघाली. याच घरात ती चाळीस वर्षे राहिली आहे. त्या दुपारी ती जेवली नाही. भाबींनी वही उचलून कपाटावर ठेवली आणि आम्हाला एवढेच म्हणाल्या, "नापास झालेल्या पोराला तुम्ही शाळेत रोज सकाळी तोच पेपर देता का?"

या महिन्याचे पान त्या प्रश्नावरच लिहीत आहोत. कारण नांदेड असो, लातूर असो, आपल्या कितीतरी घरांत आज एखादी दादी, एखादे नाना असेच हरवत चालले आहेत आणि आपण प्रेमापोटी त्यांची रोज परीक्षा घेत आहोत.

हा म्हातारचळ नव्हे

आपल्याकडे माणूस विसरू लागला की "सठिया गए" म्हणून विषय संपतो. मराठीत त्याला म्हातारचळ म्हणतात. दोन्ही शब्दांत थट्टा आहे, आजाराची ओळख नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, भाजीत तीनदा मीठ टाकणे, जेवून उठल्यावर "आज कोणी जेवायला दिले नाही" म्हणणे, हा मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मधुमेह आणि रक्तदाबाने मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन येणारा प्रकारही आपल्याकडे पुष्कळ दिसतो. भारतातल्या वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, साठीच्या पुढच्या दर शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात ही संख्या सुमारे ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आढळले.

पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम यांनीही माणूस विसराळू होतो आणि त्यांवर उपचार आहेत. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे, दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी होऊ शकते. मात्र अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. गोळ्यांनी काहींना थोडा आधार मिळतो. उरलेला दिवस घरातच काढायचा असतो. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा हा दिवस कसा काढायचा, हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

पाटल्यांचा आळ

एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणे बरोबर होणार नाही. निदान होण्याच्या आधीच्या वर्षी अम्मी फोनवर आम्हाला सांगायची, "तेरी भाबी मेरी पाटल्या चुरा ली." एकदा नव्हे, अनेकदा. आणि आम्ही ते अर्धे खरे मानले. भाबींना थेट चोर म्हटले नाही, पण एका ईदला "अम्मीच्या पाटल्या कुठे असतात हो हल्ली?" असे सगळ्यांसमोर विचारले. भाबींनी मान खाली घातली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. दोन महिन्यांनी पाटल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, तळाशी, एका रुमालात बांधलेल्या सापडल्या. अम्मीनेच ठेवल्या होत्या.

वस्तू जपून ठेवायची, ठेवल्याचे विसरायचे आणि मग जवळच्या माणसावर आळ घ्यायचा, हे या आजाराचे अगदी ठरलेले लक्षण आहे, हे आम्हाला नंतर कळले. आळ नेहमी त्याच माणसावर येतो जो सर्वांत जास्त जवळ असतो, म्हणजेच जो सेवा करत असतो. आपल्या घरांत तो माणूस बहुतेक वेळा सून असते. वाचकांनी एवढी एक गोष्ट जरी लक्षात ठेवली तरी कितीतरी घरे मोडता मोडता वाचतील. आम्ही भाबींची माफी मागितली. त्यांनी माफ केले. पण तो ईदचा दिवस परत आणता येत नाही.

भाबींनी काय पाहिले

फोटोच्या वहीचा प्रकार झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी भाबींनी आम्हाला खुणेने बोलावले. अम्मी पलंगावर बसली होती आणि चादरीवरच्या बारीक फुलांवरून बोटे फिरवत काहीतरी वेचत होती. वेचायची, दुसऱ्या तळहातावर ठेवायची, मध्येच तळहात बाजूला झटकायची. आम्हाला वाटले, आजार वाढला. भाबी म्हणाल्या, "असे रोज चालते. बघा नीट. अम्मी डाळ निवडतात."

अम्मीचे माहेर औशाजवळचे. घरची तूर, घरचे जाते. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे तिच्या हातांनी पोत्यांनी डाळ भरडली, पाखडली, निवडली. भाबींनी सुपात दोन मुठी तूरडाळ घेतली, त्यात थोडे टरफल राहू दिले, सूप अम्मीच्या मांडीवर ठेवले आणि काही न विचारता समोर बसून स्वतः निवडू लागल्या. अम्मीने थोडा वेळ पाहिले. मग सूप स्वतःकडे ओढले, दोन्ही हातांनी धरून असे पाखडले की टरफल उडून बाहेर आणि डाळ आत. सोमवार की शुक्रवार हे तिला सांगता येत नाही, पण हात एकदाही चुकला नाही. पंचवीस मिनिटे ती बसून होती. त्या पंचवीस मिनिटांत तिने एकदाही "घरकू जाना" म्हटले नाही. भाबींनी तेवढ्या वेळात शांतपणे जेवून घेतले. त्या म्हणाल्या, बसून जेवल्याला किती दिवस झाले ते आठवत नाही.

यामागचे कारण डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितले. आठवण एकाच जागी साठवलेली नसते. काल काय झाले, कोण आले, कोणता महिना, हे सर्वांत आधी जाते. हातांना वर्षानुवर्षे लागलेली सवय सहसा खूप उशिरा जाते. पोहणारा पोहणे विसरत नाही, तसेच. लहानपणी पाठ केलेल्या सूरा, दुआ, लोरी या गोष्टीही बराच काळ टिकतात. आम्ही फोटोची वही घेऊन जे आधीच गेले होते ते मागत होतो. भाबींनी जे अजून शिल्लक होते त्याला काम दिले.

फिलाडेल्फिया आणि गोवा

भाबींनी घरात जे केले ते जगात अभ्यासून झालेले आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात लॉरा गिटलिन या संशोधक बाईंनी अशा सुमारे ६० कुटुंबांबरोबर काम करून २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षित व्यक्ती चार महिन्यांत सहा वेळा घरी जायची आणि दोनदा फोनवर बोलायची. रुग्ण पूर्वी काय करायचा, आज काय करू शकतो, हे पाहून त्याच्यापुरती दोन-तीन कामे ठरवायची आणि सेवा करणाऱ्याला ती कशी द्यायची ते शिकवायची. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, सावलीसारखे मागे मागे फिरणे हे कमी झाले. सेवा करणाऱ्यांचे सतत पहाऱ्यावर असण्याचे तासही कमी झाले.

आपल्या शेजारी गोव्यातही त्याच वर्षी एका कामाचे निष्कर्ष आले. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत ते केले. घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. गरज पडली तर त्यांच्या मागे डॉक्टर उभे होते. सहा महिन्यांत सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आजार गेला नाही, पण घर सावरले. मोठे रुग्णालय, महागडी यंत्रे यांतले काहीच लागले नाही. ज्याला त्या घराची बोली कळते असे कोणीतरी येऊन बसले आणि त्याने नीट ऐकले, हेच मुख्य. आपल्या मोहल्ल्यांत असे बसणारे कोणी होऊ शकणार नाही का?

काम कसे शोधावे

पहिली पायरी, एक पानभर त्यांचे आयुष्य लिहून काढा. हातांनी कोणती कामे केली? कशात त्यांचे नाव होते? सकाळी किती वाजता उठत? कोणत्या भाषेत रागावत आणि कोणत्या भाषेत दुआ देत? कोणता आवाज, कोणता वास आवडे? कशाला घाबरत? हे पान घरातल्या थोरल्यांना, त्यांच्या भावाबहिणींना विचारून भरा. मुलांनाही सामील करा. आमच्या पुतणीने खालाला फोन केला तेव्हा कळले की अम्मी लग्नाआधी वाकळी शिवायची आणि गावातल्या बाया तिच्याकडून टाके शिकायच्या. आम्हाला हे माहीतच नव्हते.

दुसरी पायरी, आज काय जमते ते चार दिवस नुसते पाहा. किती वेळ बसू शकतात, हात थरथरतात का, एका वेळी किती सूचना कळतात. चष्म्याचा नंबर आणि कान तपासून घ्या. कितीदा माणूस "समजत नाही" असे आपण म्हणतो आणि त्याला ऐकूच येत नसते.

तिसरी पायरी, दोनच कामे निवडा आणि कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. कोणते काम, किती वाजता, कुठे बसवायचे, सुरुवात कशी करायची, कधी थांबवायचे. म्हणजे भाबी नसताना भाईजानला किंवा पुतण्यालाही ते देता येते. आमच्याकडच्या कागदावर लिहिले आहे: "जोहरच्या नमाजनंतर, असरच्या आधी. खिडकीजवळ, उजेडात. टीव्ही बंद. सूप, दोन मुठी डाळ. आधी आपण निवडायला बसायचे. बोलायचे नाही. कंटाळल्या की लगेच उचलायचे." वेळ मुद्दाम असरच्या आधीची आहे. या आजारात दिवस कलू लागला की बेचैनी वाढते, त्याच्या आत मन गुंतलेले बरे.

चौथी पायरी, आजार पुढे जाईल तसे काम सोपे करा, बंद करू नका. आज डाळ निवडते, उद्या नुसता हात फिरवेल, पुढे कदाचित मऊ कापडाची घडी हातात धरून बसेल. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी असते.

बोलण्याची रीतही बदलावी लागते. "आठवते का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. समोरून या, डोळ्यांत पाहा, नाव आणि नाते स्वतःच सांगा: "अम्मी, मैं आई, लातूरसे." एका वेळी एकच सूचना द्या. सांगण्यापेक्षा करून दाखवा. चुकले तर दुरुस्त करू नका. टॉवेलची घडी वाकडी झाली म्हणून कोणाचे बिघडते? मात्र काम खरे असू द्या. अम्मीने निवडलेल्या डाळीचेच वरण आमच्या घरी शिजते आणि जेवताना भाबी सांगतात, "अम्मीची डाळ आहे." नुसते वेळ घालवण्यासाठी दिलेले काम माणसाला कळते, आजारी असला तरी.

जपायच्या गोष्टी: सुई, कात्री, अडकित्ता, फिनेल, औषधांच्या पट्ट्या हाताशी ठेवू नयेत. गॅसची टाकी वापर झाल्यावर खालून बंद करावी. तोंडात घालण्याची सवय लागली असेल तर मणी, बटणे, डाळीचे दाणे देऊ नयेत, त्याऐवजी कपड्यांच्या घड्या द्याव्यात. कपड्याच्या खिशात पत्ता आणि फोनचा कागद शिवून टाकावा, ताजा फोटो मोबाइलमध्ये असावा. आणि एक फार महत्त्वाचे: एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, भलतेच बोलणे सुरू झाले, तर तो आजाराचा पुढचा टप्पा असेलच असे नाही. लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रत्येकाचे काम वेगळे

डाळ निवडणे हे औषध नाही. ते अम्मीचे काम आहे, तुमच्या अब्बांचे नसेल. नांदेडच्या आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आयुष्यभर उस्मानशाही मिलमध्ये होते. मिल बंद होऊन कितीतरी वर्षे लोटली, पण संध्याकाळ झाली की ते दाराशी उभे राहतात, पाळीला जायचे म्हणतात. मुले आधी दार लावून घ्यायची, मग ओरडाआरडा व्हायचा. आता नातू त्यांना डबा हातात देतो, दोघे गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातात, मशिदीच्या ओट्यावर बसतात आणि परत येतात. घरी आल्यावर सूतगुंड्या ठेवलेल्या असतात, त्या ते गुंडाळत बसतात.

लातूरला गंजगोलाईच्या बाजारात मुनीम राहिलेले एक नव्वदीला टेकलेले बुजुर्ग आहेत. कोणी पैसे दिले की विचारतात, "हाली की कलदार?" निजामाच्या राज्यातला हाली सिक्का पोरांना ठाऊक नाही, म्हणून ती हसायची. आता सुनेने त्यांना लाल कापडाची जुनी खातेवही आणि पेन्सिल दिली आहे. रोज सकाळी ती दूध, भाजी, किराणा सांगते आणि ते उर्दू आकड्यांत मांडतात. बेरीज चुकते. पण सून हिशेब देते आणि ते घेतात, त्यामुळे घरातली त्यांची जागा टिकून आहे.

आणि औसा तालुक्यातल्या एका दादींची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने त्या भागाचे काय झाले, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. या दादींना बाकी सगळे विसरायला झाले, ती पहाट नाही. रात्री दोन-अडीचला उठून त्या सगळ्यांच्या अंगावरची पांघरुणे ओढायच्या, "बाहेर निकलो" म्हणायच्या. "भूकंप होऊन तीस वर्षे झाली" असे सांगून काही उपयोग नव्हता. मग घरच्यांनी एक रीत लावली. इशाच्या नमाजनंतर घरातला प्रत्येक जण दादींजवळ जातो, त्यांच्या हातात हात देतो आणि त्या मोजतात. सात झाले की म्हणतात, "सब हैं," आणि आडव्या होतात. उठणे पूर्ण थांबले नाही, पण कमी झाले. त्यांच्या भीतीशी वाद घालण्याऐवजी घरच्यांनी तिला उत्तर दिले.

नमाज, रोजे आणि आपला संताप

आपल्या घरांत एक अडचण वेगळीच असते. अम्मी वुजू करून येते आणि पाच मिनिटांनी पुन्हा वुजूला जाते. दोन रकअतींवर सलाम फेरते किंवा सहा पढते. रमजानमध्ये साखरेचा आजार असताना रोजा धरायचा हट्ट करते आणि मध्येच पाणी पिते. घरातले कोणीतरी ओरडते, "अम्मी, नमाज झाली नाही तुमची!"

सूरह हज (आयत ५) आणि सूरह नहल (आयत ७०) यांत अल्लाहने अशा वयाचा उल्लेख केला आहे की ज्यात माणूस सगळे जाणून झाल्यावर काहीच न जाणणारा होतो. म्हणजे ही अवस्था अल्लाहला ठाऊक आहे, ती कोणाची शिक्षा किंवा लाजिरवाणी गोष्ट नाही. ज्याची अक्कल जागेवर नाही त्याच्यावर जबाबदारी नाही, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. कोणत्या टप्प्यावर काय माफ होते, फिदिया कसा द्यायचा, हे आपल्या आलिमांना विचारावे आणि रोज्याबाबत डॉक्टरांनाही. पण रकअतींची मोजणी करून अम्मीला ओरडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. आमच्याकडे आता भाबी जानमाज शेजारी अंथरतात, अम्मी त्यांना पाहून करते तेवढे करते. नंतर तस्बीह हातात देतात. ती किती वेळा फिरली हे कोणी मोजत नाही.

सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३-२४) म्हातारपणी आईबापांना "उफ्" सुद्धा म्हणू नये अशी ताकीद आहे, ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. खरी कसोटी कधी लागते? तोच प्रश्न दिवसातून साठाव्यांदा कानावर येतो तेव्हा. आणि तेव्हा भल्याभल्यांच्या तोंडून "उफ्" निघते. आमच्याही निघाले. म्हणून सेवा करणाऱ्याला नुसता उपदेश पुरत नाही, त्याला विसावा लागतो.

सेवेचा हिशेब

अनेक उलमा स्पष्ट सांगतात की सासू-सासऱ्यांची सेवा हा शरीअतने सुनेवर घातलेला फर्ज नाही. ती करते तो तिचा एहसान आहे, त्याचे तिला अल्लाहकडे मोठे मोल आहे. फर्ज आहे तो मुलाचा आणि मुलीचा. आपण मात्र उलटे करतो. फर्ज असणारे फोनवर सूचना देतात आणि एहसान करणारीवर आळ येतो. दोन महिन्यांतून एकदा एसटीने येऊन "अम्मीचे केस का विंचरले नाहीत" म्हणणाऱ्यांत आम्ही होतो.

आता आमच्या घरी वाटणी ठरली आहे. फजरपासून नाश्त्यापर्यंत अम्मीला भाईजान पाहतात. आंघोळीच्या वेळी त्यांची मुलगी मदतीला असते. डाळीची वेळ पुतण्या सांभाळतो आणि तो अर्धा तास भाबींचा, त्या झोपोत की शेजारी जाऊन बसोत. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नांदेडला जातो आणि भाबी उदगीरला माहेरी जातात, आठ दिवस. पहिल्या वेळी त्यांनी दिवसातून चार फोन केले. दुसऱ्या वेळी एक.

ज्यांच्या घरी मदतीला कोणीच नाही त्यांनी एकटे झुरू नये. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. मनावर ताण आला, झोप उडाली, रडू आवरेनासे झाले तर मोफत बोलता येते, मराठीतही. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. आणि मशिदीत, महिलांच्या इज्तिमात, बचत गटात हा विषय काढा. एखाद्या घरी आठवड्यातून एक तास जाऊन बसणे, म्हणजे त्या घरच्या बाईला बाजारात जाऊन येता येईल, हीदेखील इयादत आहे. आजाऱ्याला पाहायला जाताना आपण फळे नेतो. इथे तासभर वेळ न्यावा.

येत्या आठवड्यात एवढे करा. तुमच्या घरात किंवा नात्यात असे कोणी असेल तर त्यांच्याजवळ सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या माणसाला विचारा, "त्यांचे हात दिवसभर काय करत असतात?" उत्तर त्या माणसाकडे नक्की असेल. आजवर कोणी विचारले नसेल इतकेच.

अम्मी अजूनही आम्हाला नावाने ओळखत नाही. तिची अलीकडची समजूत अशी आहे की आम्ही गल्लीतली कोणीतरी आहोत, डाळ निवडायला मदतीला येणारी. गेल्या सुट्टीत शेजारी बसलो तर तिने सुपाची एक बाजू आमच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "इधरसे ले, उधर मैं कर ली." फोटोची वही अजून कपाटावरच आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या आईबापांवर रहम करो आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ देवो. आमीन.